'उतारू' आणि 'प्रवासी' : १९४० ते १९६५ च्या वर्तमानपत्रांत नेमका फरक काय होता?

शब्दवेल्हाळ (प्रश्न)

१९४० ते १९६५ या काळातल्या मराठी दैनिकांमधल्या निवडक बातम्यांचं टिपांसह संकलन तयार होत आहे. विषय वाहतूक : आगगाडी, आगबोट, ट्रॅम, बस, एस. टी., विमान. या बातम्यांत जिथे आज आपण डोळे झाकून 'प्रवासी' लिहू तिथे बहुतेक वेळा 'उतारू' येतो. पण 'प्रवासी' अजिबात नाही असंही नाही. कधीकधी एकाच अंकात, एकाच पानावर दोन्ही सापडतात.

प्रश्न असे :

दोन्ही शब्द तेव्हा समानार्थी होते की त्यांत काही वाटणी होती? उतरतो तो उतारू, तर मग गाडीत चढणाऱ्याला उतारू का म्हणत? आणि टिपेत 'उतारू = प्रवासी' एवढंच लिहिलं तर वाचकाची दिशाभूल होईल का?

जाणकारांनी शक्यतो खुणा सांगाव्यात, म्हणजे बातमी समोर असताना तपासता येतील.

---

जुनी_कात्रणे

वाटणी होती. काटेकोर नव्हती, पण होती.

उतारू म्हणजे वाहनाच्या हिशेबातला माणूस. त्याचं नातं गाडीशी, बोटीशी, तिकिटाशी. प्रवासी म्हणजे प्रवासाच्या हिशेबातला माणूस. तो घर सोडून निघालेला आहे, मुलूख पाहतो आहे, कदाचित परत येऊन त्यावर लेखही लिहिणार आहे. ह्युएनत्संग हा चिनी प्रवासी. त्याला चिनी उतारू कोणीही म्हणणार नाही, तेव्हाही म्हणत नसत. उलट सकाळच्या लोकलमध्ये लोंबकळणारा कारकून हा उतारू. तो कुठे 'प्रवासाला' निघालेला नसतो, कचेरीत निघालेला असतो.

तपासायची सोपी खूण : शब्दाच्या मागे वाहनाचं नाव षष्ठीत लावता येतं का ते बघा. बोटीचे उतारू, गाडीचे उतारू, ट्रामचे उतारू. असं वाहन मागे बसलं की त्या काळच्या बातमीत 'उतारू' अपेक्षित धरा. मागे देश किंवा विशेषण असेल, जसं परदेशी, हौशी, एकटा, अनुभवी, तर 'प्रवासी' अपेक्षित धरा. 'पर्यटक' हा शब्द आज इतका रुळला आहे, पण त्या काळात त्याची बरीचशी जागा 'प्रवासी'च भरत होता. म्हणून १९५० च्या आसपास 'परदेशी प्रवाशांची सोय' असं दिसलं तर ते रेल्वेच्या बाकड्यांबद्दल नसून आजच्या भाषेत पर्यटनाबद्दल असण्याची शक्यता जास्त. तुमच्या संकलनात हा घोटाळा नक्की होईल. 'उतारू'ला टीप द्यायची आठवण राहील, 'प्रवासी'ला टीप लागते हे ध्यानात येणार नाही.

दुसरी खूण. 'उतारू' हा निनावी शब्द आहे. ज्या गटाला स्वतःचं नाव आहे त्याच्यापुढे तो माघार घेतो. पंढरपूरच्या खास गाडीत बसलेले ते यात्रेकरू किंवा वारकरी. लग्नाच्या मोटारीतलं ते वऱ्हाड. पलटणीच्या गाडीतले ते सैनिक. मालमोटारीच्या पाठीवर बसलेले ते मजूर. ज्यांच्याबद्दल बातमीदाराला तिकीट काढून बसले होते यापलीकडे काही माहीत नाही, किंवा सांगायचं नाही, ते उतारू. त्यामुळे अपघाताच्या पहिल्या दिवसाच्या बातमीत 'उतारू' दाटीवाटीने येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नावगाव कळू लागलं की तेच लोक व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी, अमक्या गावचे रहिवासी होतात. एकाच अपघाताच्या तीन दिवसांच्या बातम्या सलग वाचल्या तर शब्द कसा विरळ होत जातो ते दिसतं.

नमुन्यासाठी (वाक्यं माझी, साचा त्या काळचा) :

'गाडी दोन तास उशिरा सुटल्याने उतारूंचे अतोनात हाल झाले.'
'विनातिकीट उतारूंकडून दंड वसूल करण्यात आला.'
'सुप्रसिद्ध प्रवासी व लेखक यांचे काल येथे आगमन झाले.'

यांत शब्दांची अदलाबदल करून पाहा. पहिल्या दोन वाक्यांत 'प्रवासी' आज चालतो, तेव्हाही अधूनमधून चालत होता. तिसऱ्यात 'उतारू' कधीच चालला नसता. म्हणजे सरकत होता तो 'प्रवासी', 'उतारू' आपल्या जागी घट्ट होता. पुढे काय झालं असेल त्याचा अंदाज यातच आहे.

---

लघुकोण

'उतरतो तो उतारू' हे चुकीचं नाही, पण 'उतरणे' म्हणजे फक्त खाली येणे असं धरल्यामुळे गाडीत चढणाऱ्याचा पेच पडतो.

उत् + तॄ, उत्तरणे. मुळात पाण्यातून पलीकडे निघणे, पार होणे. बखरींत आणि जुन्या पत्रांत 'नर्मदा उतरून' फौजा जातात, त्या नर्मदेत उड्या मारत नाहीत, ओलांडतात. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला 'उतार' म्हणतात आणि 'नदीला उतार आहे' हा प्रयोग अजून जिवंत आहे. त्या 'उतार'ला 'ऊ' लागून 'उतारू' असं लावणं मला सर्वांत सरळ वाटतं. गरज-गरजू, बाजार-बाजारू, तसा उतार-उतारू. उताराशी ज्याचं काम आहे तो, म्हणजे नावेतून पलीकडे जाणारा. त्याला चढण्या-उतरण्याचं सोयरसुतक नाही.

नावेवरून शब्द आगबोटीवर गेला, बोटीवरून आगगाडीत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तेव्हा रेल्वे नवी होती पण माणसं वाहून नेण्याचा धंदा नवा नव्हता. शब्द तयार होता. गुजरातीतही 'उतारू' याच अर्थाने आहे, आणि मुंबईच्या बंदरात मराठी-गुजराती शेजारीशेजारी नांदत होत्या, हेही लक्षात घ्या.

'उतरणे'चा तिसरा अर्थही तुमच्या बातम्यांत येईल : मुक्काम करणे. 'पाहुणे सरकारी विश्रामधामात उतरले आहेत.' 'उतरण्याची व जेवणाची उत्तम सोय' ही जाहिरातीतली ओळ तर पाठ असेल. त्यामुळे 'मुंबईस उतरले' एवढंच आलं तर तीन शक्यता राहतात : बोटीतून धक्क्यावर उतरले, गाडीतून उतरले, की मुंबईत मुक्कामाला राहिले. पुढचा शब्द बघा. धक्का, बंदर, स्थानक असेल तर पहिले दोन. 'यांच्याकडे', 'यांच्या बंगल्यावर' असेल तर मुक्काम.

'प्रवासी'चं उलट आहे. संस्कृतात 'प्रवास' म्हणजे घरापासून दूर राहणे. हिंदीने तो अर्थ ठेवला, म्हणून 'प्रवासी भारतीय' म्हणजे परदेशी स्थायिक झालेला. मराठीत त्यालाच 'अनिवासी' म्हणावं लागतं, कारण आपला प्रवासी हिंडता झाला. आणि हिंदीत 'उतारू' म्हणजे एखाद्या गोष्टीला प्रवृत्त झालेला, बहुधा वाईट गोष्टीला. हिंदी वाचकाला 'उतारूंची गर्दी' हे भांडायला आलेल्यांची गर्दी वाटू शकते. दोन्ही शब्दांनी दोन भाषांत इतक्या वेगळ्या वाटा धराव्यात हे गमतीचंच.

---

शब्दवेल्हाळ

'नर्मदा उतरून' वाचून डोक्यात प्रकाश पडला. धन्यवाद.

आता एक व्यावहारिक अडचण. काही अंकांच्या स्कॅन प्रती आहेत आणि त्यांवर यंत्राने ओळखलेला मजकूर आहे. त्यात 'उतारू' शोधलं तर फारच कमी सापडतं. डोळ्यांनी वाचलं की पानोपानी दिसतं. असं का?

---

खिळेजुळारी

कारणं एक नाही, पाच-सहा आहेत. एकेक सांगतो.

पहिलं आणि सर्वांत मोठं : रु आणि रू. या दोन्हींचे खिळे (छपाईचे अक्षरठसे) स्वतंत्र असत, कारण यांत उकार र च्या पायाला न लागता मध्याला लागतो. फरक एका छोट्या वळणाचा. खिळा झिजला, शाई जास्त झाली, न्यूजप्रिंट फुगला की यंत्राला सोडा, माणसालाही ओळखत नाही. त्यामुळे 'उतारु' हाही शोध घ्या. मात्र 'उतारु' सापडलं म्हणून ते 'जुनं शुद्धलेखन' आहे अशी टीप देऊ नका. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व शेवट असे तो कवि, गुरु अशा संस्कृत शब्दांना. 'उतारू' तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) नाही, तो तेव्हाही दीर्घच. ऱ्हस्व दिसला तर छपाईची चूक किंवा यंत्राची.

दुसरं : अनुस्वार. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या मजकुरात व्युत्पत्तीचे अनुस्वार भरपूर : उतारूंनीं, उतारूंचें सामान, गाडींत, त्यांपैकीं. काही पत्रांनी ते आधीच कमी केले होते, काहींनी नंतरही काही काळ ठेवले, त्यामुळे अनुस्वारावरून तारीख ठरवायला जाऊ नका. शोधासाठी एवढंच की पूर्ण रूप टाकू नका, 'उतार' एवढाच तुकडा टाका. मग 'उतारा', 'उतारवय', 'किमतीत उतार' असा कचरा येईल, तो हाताने काढावा लागतो. त्याला इलाज नाही.

तिसरं बहुतेकांना माहीत नसतं. त्या काळात काही नियतकालिकं 'अ'ची बाराखडी वापरत : इ, ई, उ, ऊ ऐवजी अि, अी, अु, अू. सावरकरांनी पुरस्कारलेली लिपिसुधारणा. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' या मासिकांचे जुने अंक पाहिले की ती लगेच डोळ्यांत भरते. तिथे तुमचा शब्द 'अुतारू' असा छापलेला असणार. यंत्र अ ला अ ओळखतं, खालचा उकार मळ समजून टाकून देतं आणि हाती येतं 'अतारू'. हेही शोधा. तुमचं संकलन दैनिकांपुरतं असेल तर हा त्रास कमी, पण मासिकातला एखादा लेख घेणार असाल तर विसरू नका.

चौथं : ओळ तुटणे. दैनिकाचा स्तंभ अरुंद, मोठा शब्द ओळीच्या शेवटी तोडला जायचा. कधी संयोगचिन्ह देऊन, कधी न देताच. 'उता' वर आणि 'रूंना' खाली. यासाठी 'रूंना', 'रूंची', 'रूंस' हे शेवट वेगळे शोधा. 'यात्रेकरूंना'ही सापडेल, पण ते तुम्हाला हवंच आहे.

पाचवं : चुकून सापडणारे. 'उतरूं' हे क्रियापद (प्रवाह उतरूं लागला, लोक उतरूं लागले) यंत्र हमखास 'उतारू' करतं आणि उलटही करतं. आणि नुसता 'तारू' शोधलात तर जहाजं सापडतील, कारण तारू म्हणजेच जहाज. उगम पाहिला तर तेही त्याच तॄ धातूच्या घरातलं. शोधयंत्राने नकळत केलेली व्युत्पत्ती!

माझा सल्ला : यंत्राच्या शोधावरून 'किती वेळा आला' हा आकडा काढूच नका. त्याऐवजी एक आठवडा निवडा, सातही अंक डोळ्यांनी वाचा आणि प्रत्येक नोंदीला चार गोष्टी लिहा : वाहन कोणतं, मथळा की मजकूर की जाहिरात की वाचकाचं पत्र, शब्दाचं रूप, आणि बातमी स्वतःची की वृत्तसंस्थेची. १९४५, १९५५, १९६५ असे तीन आठवडे घेतलेत तरी चित्र पुरेसं स्पष्ट होतं. आठवडा निवडताना मोठा अपघात झालेला आठवडा टाळा. नाहीतर एकाच बातमीमुळे आकडा फुगतो.

आणि एक गैरसमज आधीच मोडून ठेवतो. 'मथळ्यात जागा वाचते म्हणून उतारू' असं कुणीतरी सांगेलच. उतारू तीन अक्षरं, प्रवासी तीन अक्षरं. उतारूंना, प्रवाशांना, दोन्ही चार. जागेचा काही संबंध नाही.

---

धक्क्यावरचा

बोटींच्या बातम्यांबद्दल थोडं, कारण या शब्दाचं माहेर तेच.

कोकण किनाऱ्याच्या आगबोटींच्या बातम्यांत माणसांचे तीन थर असतात आणि ते मिसळू देऊ नका. उतारू, म्हणजे तिकीट काढून बसलेले. खलाशी, म्हणजे बोटीवरचे नोकर, त्यांत सारंग, तांडेल वगैरे आले. आणि पडाववाले, म्हणजे जिथे बोट धक्क्याला लागत नसे तिथे किनारा ते बोट अशी माणसं नेणाऱ्या होड्यांवरचे लोक. 'उतारूंची चढउतार' हा शब्दप्रयोग याच संदर्भात येतो आणि ऐकायला विचित्र वाटला तरी बरोबर आहे.

याचा थेट परिणाम आकड्यांवर होतो. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. अशा दुर्घटनेच्या बातम्या वाचताना 'बोटीवर इतके उतारू होते' आणि 'इतके लोक बुडाले' हे दोन आकडे एकमेकांतून वजा करू नका. उतारूंचा आकडा तिकिटांवरून येतो, त्यात खलाशी धरलेले नसतात. मृतांच्या आकड्यात ते असू शकतात. शिवाय कडेवरची पोरं तिकिटात मोजलेली नसतात. वजाबाकी करून 'वाचलेले' काढले की हमखास चुकतं. ठार, जखमी, बेपत्ता हे वेगळे वाचा आणि 'उतारूंपैकी' हा शब्द आहे की नाही ते बघा. 'पैकी' असेल तर खलाशी बाहेर, नसेल तर आत असण्याचा संभव.

रस्त्यावरच्या अपघातांनाही हेच लागू. बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर उतारूंत नसतात. 'उतारूंसह चालक' असं कुठे असेल तर तेवढ्यापुरतं आकड्यात धरायचं.

टिपेसाठी तारखा जवळ ठेवा. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर. त्यापूर्वीच्या बातमीतली 'मोटार' ही खासगी सर्व्हिस मोटार. मुंबईची ट्रॅम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, म्हणून 'ट्रामचे उतारू' नंतरच्या बातमीत आले तर ती आठवणवजा असणार. आणि मोटारीच्या उतारूंवर कर बसवणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. त्या सुमारास 'उतारूंवर कर' असे मथळे भेटले तर बुचकळ्यात पडू नका, कर माणसावर असला तरी तो तिकिटाच्या भाड्यातूनच वसूल होतो.

---

पानाचा_कोपरा

'जुनी_कात्रणे'शी बऱ्याच अंशी सहमत, पण एक मुद्दा राहिला. वृत्तसंस्थेच्या बातम्या इंग्रजीत येत. आधी असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया आणि रॉयटर, १९४९ पासून पीटीआय. मराठीकरण उपसंपादकाच्या टेबलावर होई. मूळ मजकुरात 'पॅसेंजर' असेल तर उतारू आणि 'ट्रॅव्हलर' किंवा 'टूरिस्ट' असेल तर प्रवासी, ही वाटणी मला या भाषांतराच्या सवयीतूनही पक्की झालेली वाटते. म्हणजे बोलीतला फरक होताच, इंग्रजीने त्याला कप्पे करून दिले.

विमानाच्या बातम्यांत मात्र गाडं अडायचं. विमान उतरतं. उतारूही उतरतो. 'विमान उतरताच उतारू उतरले' हे वाक्य कुठल्याही उपसंपादकाला बोचणारच. मग 'विमान खाली आले', 'भूमीवर टेकले' असे फेरे घ्यायचे, नाहीतर 'प्रवासी' लिहून मोकळं व्हायचं. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई–लंडन सेवा सुरू झाली. लांब पल्ल्याच्या विमानात बसणारा माणूस तसाही 'प्रवासी' या शब्दाच्या जवळचा : पैसेवाला, परदेशी जाणारा, ज्याचं जाणं हीच बातमी. म्हणून 'प्रवासी' हा शब्द वाहनाच्या अर्थाने आधी विमानात शिरला आणि तिथून खाली रेल्वे-बसपर्यंत आला, असं माझं मत आहे. मोजून पाहायला हवं. तुमच्या त्या तीन आठवड्यांच्या नोंदींत वाहनाचा रकाना असेल तर हेच तपासता येईल.

---

लघुकोण

विमानाचा मुद्दा छान, पण खरं वजन सरकारी मराठीचं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं, भाषा संचालनालय त्याच वर्षी, राजभाषा अधिनियम १९६४ चा. परिपत्रकं, सूचनाफलक, तक्रारपुस्तकं मराठीत आली आणि त्या भाषेचा कल संस्कृतकडे होता. फलकावर रोज 'प्रवासी' वाचणारा माणूस वाचकांच्या पत्रात 'उतारू' किती दिवस लिहिणार?

---

पानाचा_कोपरा

मग चालक-वाहकांचं काय झालं? फलकांवर 'वाहक' किती वर्षं रंगवला आहे, पण बसमध्ये लोक हाक 'कंडक्टर' अशीच मारतात. फलकावरून शब्द मरत नाही. 'उतारू' मेला कारण लोकांना तो उतरण्याशी जोडून वाटू लागला, पार होण्याशी नाही. नदीचा उतार कुणी पायी ओलांडेनासं झालं, पूल झाले. शब्दाच्या पायाखालचा अर्थच गेला.

---

लघुकोण

'कंडक्टर' टिकला कारण तो बोलण्यातला. 'उतारू' मुख्यतः छापण्यातला झाला होता. बोलताना लोक 'माणसं', 'पब्लिक', 'पॅसेंजर'च म्हणत. छापण्यातला शब्द छापण्यातल्याच शब्दाने हटवला. पुलाचा मुद्दा मात्र मान्य.

---

जुनी_कात्रणे

दोघांचं चालू द्या, मी संकलनाकडे वळतो.

मूळ मजकुरात 'उतारू' बदलू नका, हे उघड आहे. टीप एकदाच द्या, पहिल्या ठिकाणी, आणि 'उतारू = प्रवासी' अशी बरोबरीची नको. 'उतारू : वाहनातून जाणारा, तिकीटधारी माणूस, चालक-खलाशी यांत धरत नसत' एवढं पुरे. 'प्रवासी'ला दुसरी टीप, पण फक्त जिथे तो पर्यटक किंवा देशाटन करणारा या अर्थाने आहे तिथे.

याहून मोठा खड्डा पुढे आहे तो वर्गाचा. 'दुसऱ्या वर्गाचे उतारू' या तीन शब्दांचा अर्थ बातमीच्या तारखेप्रमाणे बदलतो. आधी रेल्वेत चार वर्ग : पहिला, दुसरा, इंटर, तिसरा. १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग काढला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले, इंटरला दुसरा. तिसरा तिसराच. मग १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावाने संपला आणि दुसऱ्यात गेला. म्हणजे १९५२ चा दुसऱ्या वर्गाचा उतारू गादीवर बसणारा, बऱ्यापैकी पैसा असलेला माणूस. १९५८ चा त्याच नावाचा उतारू म्हणजे जुना इंटरवाला, मध्यम स्थितीतला. आणि आजच्या वाचकाच्या डोक्यातला दुसरा वर्ग म्हणजे खरं तर जुना तिसरा. १९५२ च्या बातमीत 'दुसऱ्या वर्गाच्या उतारूंनी तक्रार केली' असं असेल तर आजचा वाचक गरिबांची तक्रार समजेल आणि बातमीचा सगळा रोख उलटा होईल. इथे टीप हवीच, तारखेसह.

भाड्याचे आकडे असतील तर १ एप्रिल १९५७ ही रेघ लक्षात ठेवा. त्याआधी रुपये-आणे-पै, नंतर नवे पैसे. चार आण्यांचे पंचवीस पैसे जुळतात, पण एका आण्याचे सव्वासहा होतात आणि पाव पैसा कोणी देत नाही, म्हणून त्या वर्षीच्या बातम्यांत भाड्याच्या पूर्णांकावरून वाद दिसले तर ते खरे आहेत, छपाईच्या चुका नव्हेत. आणि रेल्वेचं नाव : ५ नोव्हेंबर १९५१ पूर्वी जी. आय. पी. आणि बी. बी. सी. आय., नंतर मध्य आणि पश्चिम. वर्तमानपत्रं आणि लोक जुनं नाव नंतरही बराच काळ घेत, त्यामुळे नुसत्या नावावरून तारीख लावू नका.

---

शब्दवेल्हाळ

वर्गाचा मुद्दा माझ्या यादीतच नव्हता. दोन टिपा पुन्हा लिहाव्या लागणार.

शेवटचं एक. 'उतारू'चं स्त्रीलिंग काय करत? आणि एकवचनात 'उतारूस' की 'उतारवास'? लाडू-लाडवाला, विंचू-विंचवाला तसं?

---

खिळेजुळारी

'उतारूस', 'उतारूला'. छापील बातम्यांचा साचा तोच. तारूचं मात्र 'तारवात', 'तारवे' होतं, म्हणून तुमची शंका रास्त आहे. पण 'गरजू', 'यात्रेकरू' यांच्यासारखा 'उतारू' शेवटपर्यंत ताठ राहतो.

स्त्रीलिंगी वेगळं रूप नाही. 'उतारूंत पाच बायका व तीन मुले होती' किंवा 'एक स्त्री उतारू' अशी रचना. क्रियापद 'स्त्री'प्रमाणे : 'एक स्त्री उतारू जखमी झाली'. अनेकवचनी कर्ता आणि एकवचनी कर्ता दिसायला एकच, 'उतारू', त्यामुळे मथळ्यात क्रियापद गाळलं असेल, नुसतं 'उतारू जखमी', तर एक की अनेक ते खालची बातमी वाचल्याशिवाय ठरवू नका. 'प्रवासी जखमी'लाही हाच दोष आहे.